घरामागे बंद रेल्वेलाईन, शहराची नोटीस आणि वकिलांची पाकिटं (इंडियाना)

खडीवाला · ९ मार्च २०२५

मंडळी, अमेरिकेतल्या जमिनीच्या कागदपत्रांतलं कोणाला कळत असेल तर मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा कोथरूडचा. कमिन्समुळे इंडियानात आलो आणि इथलाच झालो. २०२१ च्या मे महिन्यात आम्ही घर घेतलं, कोलंबसपासून पाऊण तासावरच्या एका लहान गावात. परसदारी कुंपण आणि कुंपणापलीकडे जुनी रेल्वेलाईन. लाईन म्हणजे आता नुसता भराव. रूळ आम्ही यायच्या आधीच उचलून नेलेले, स्लीपर तेवढे अर्धे कुजून पडलेत आणि खडीत झुडपं माजलीत. घर दाखवताना एजंटबाई म्हणाल्या होत्या, मागे कधी काही होणार नाही, तुम्हाला आयती मोकळी जागा मिळतेय. आम्ही खूश.

चार वर्षांत त्या आयत्या जागेत आम्ही चांगले हातपाय पसरले. कुंपणाला फाटक केलं. पलीकडे दहा बाय बाराची शेड बसवली, त्यात सायकली, बर्फ उडवायचं मशीन आणि गणपतीच्या मखराचं सामान. आई दर उन्हाळ्यात येते, तिनं भरावाच्या उतारावर लाल भोपळा आणि गवार लावली. मागच्या सप्टेंबरात अकरा भोपळे निघाले. ऑफिसात वाटले.

फेब्रुवारीत एकाच आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. आधी दोन माणसं तिपाई घेऊन आली आणि नारिंगी फीत बांधलेल्या खुंट्या ठोकून गेली. एक खुंटी बरोब्बर शेडच्या दारासमोर. मग शहराच्या उद्यान खात्याचं पत्र आलं: या मार्गावर चालायचा आणि सायकलचा ट्रेल होणार आहे, तुमचं बांधकाम आणि लागवड साठ दिवसांत हलवा. आणि मग वकिलांची पाकिटं. एक नाही, तीन, वेगवेगळ्या राज्यांतून. सगळ्यांचा मजकूर थोड्याफार फरकानं एकच: ही जमीन तुमची असू शकते, सरकारनं तुम्हाला भरपाई द्यायला हवी, जिंकलो नाही तर फी नाही, सोबतच्या करारावर सही करून पाठवा.

शेजारी एक ऐंशीच्या पुढचा शेतकरी आहे. आमची अख्खी वसाहत १९९४ साली त्याच्याच शेतातून कापली. तो शांतपणे म्हणाला, "आमच्या पणजोबांनी गाडीसाठी वाट दिली होती, जमीन नाही. गाडी गेली, वाट संपली." आणि ट्रॅक्टरवर बसून निघून गेला.

माझे प्रश्न: जागा नक्की कोणाची? वकील खरे की फसवणूक? शेड हलवू की नको? आणि घर घेताना टायटल कंपनीला (मालकीचे कागद तपासून विमा देणारी) आठशे डॉलर मोजले, त्यांनी हे का सांगितलं नाही?

---

पोपटपंची · ९ मार्च २०२५

शेड अजिबात हलवू नका. कब्जा महत्त्वाचा. कब्जेवहिवाटीनं मालकी होते, आपल्याकडे बारा वर्षं, तिकडे कमी असतील. मी तर म्हणतो अजून दोन वेल लावा.

---

निवांत नाशिककर · ९ मार्च २०२५

अहो, हे सगळं आधीच ठरलंय. २०१४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ब्रँट नावाच्या माणसाच्या बाजूनं निकाल दिला. रेल्वे बंद झाली की जमीन मूळ मालकाला परत, ८ विरुद्ध १. तो निकाल छापा आणि उद्यान खात्याच्या टेबलावर ठेवा.

---

मोजणीदाराची लेक · १० मार्च २०२५

खडीवाला, वरच्या दोन्ही सल्ल्यांवर सध्या काही करू नका.

मी ओहायोत टायटल शोधायचं काम करते, अकरा वर्षं झाली. वकील नाही. पण वकील ज्या कागदांवर भांडतात ते मी तळघरातून काढून देते. माझे वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, त्यामुळे हद्दीच्या भांडणांचं बाळकडू घरातच मिळालं.

आधी कब्जाचं. इंडियानात कब्जेवहिवाटीला दहा वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं त्या तुकड्याचा कर भरलेला असावा लागतो. तुमची चार झालीत, आणि त्या पट्ट्याचा कर तुम्ही भरला असेल असं मला वाटत नाही. शिवाय सार्वजनिक संस्थेविरुद्ध ही मात्रा चालत नाही. वेल लावून मालकी येत नाही हो.

आता ब्रँट. निकाल खरा आहे, पण तुमच्या कामाचा नाही, आणि का नाही ते समजलं तर तुमचं अर्धं प्रकरण समजेल. ती जागा वायोमिंगमधली, फॉक्स पार्क नावाच्या ठिकाणची. १८७५ च्या कायद्याखाली केंद्र सरकारनं आपल्या मालकीच्या रानातून रेल्वे कंपनीला २०० फूट रुंद वाट दिली, १९०८ साली. पुढे १९७६ मध्ये त्याच रानातली ८३ एकर ब्रँट कुटुंबाला अदलाबदलीत मिळाली, रेल्वेची वाट पोटात घेऊन. २००० साली रूळ उखडले, २००४ मध्ये लाईन अधिकृतपणे सोडून दिली, आणि सरकार म्हणालं, वाट आता आमच्याकडे परत आली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं, नाही, तो नुसता वहिवाटीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा, हक्क होता, वहिवाट संपली की जमीन मोकळी. गंमत अशी की १९४२ साली दुसऱ्या एका रेल्वे कंपनीविरुद्ध तेल कोणाचं या वादात खुद्द सरकारनंच कोर्टाला सांगितलं होतं की १८७५ च्या कायद्यानं रेल्वेला फक्त वहिवाट मिळते. तेच बूमरँग झालं. एकट्या न्यायमूर्ती सोटोमायोर विरोधात राहिल्या.

पण हे सगळं सरकारी रानातून गेलेल्या पश्चिमेकडच्या लाईनींचं. इंडियानात रेल्वे आली तोवर जमिनी शेतकऱ्यांच्या झालेल्या होत्या. कंपनीचा माणूस घोड्यावरून दारोदार फिरला आणि प्रत्येकाकडून वेगळा कागद करून घेतला. म्हणून तुमच्याकडे निकाल एक नाही. एकाच लाईनवर एका मैलात पाच मालक असतील तर पाच कागद, आणि तिथे मालकीची पाच उत्तरं निघू शकतात.

तो कागद काढा. कौंटी रेकॉर्डरच्या ऑफिसात जा (ऑनलाईन एवढं जुनं सहसा नसतं), १८५० ते १८९० ची डीड बुकं मागा, घेणाऱ्यांच्या सूचीत रेल्वे कंपनीचं त्या काळचं नाव शोधा. या कंपन्या चारचारदा विकल्या गेल्यात, तेव्हा आजच्या नावावर काही सापडणार नाही. शेजारच्या आजोबांचं आडनाव देणाऱ्यांच्या सूचीत बघा.

सापडला की काय वाचायचं: रेल्वेला नक्की दिलं काय? "जमिनीचा पट्टा" दिला असेल आणि पुढे काही अट नसेल तर कंपनी पूर्ण मालक झाली, गाडी बंद होवो नाहीतर काही होवो, तुमचा संबंध नाही. "हक्क" किंवा "जाण्याची वाट" दिली असेल तर ती वहिवाट, जमीन शेतकऱ्याकडेच राहिली. इंडियानाच्या सुप्रीम कोर्टानं हा फरक १९६४ मध्ये रॉस विरुद्ध लेगलर खटल्यात मांडला आणि पुढच्या खटल्यांत तोच धरून ठेवला. दीडशे वर्षांपूर्वी कारकुनानं टाकात शाई भरून जे दोन शब्द लिहिले, त्यावर आज तुमची शेड उभी आहे किंवा नाही.

टायटल कंपनीचं: तुमची पॉलिसी काढा आणि शेड्यूल बी नावाचं पान वाचा. बहुतेक तिथे "रेल्वेचे हक्क, असल्यास, वगळून" अशी एक ओळ सापडेल. त्यांनी सांगितलं होतं. आपण सह्या करताना वाचलं नाही. मीही माझ्या घराचं वाचलं नव्हतं, आणि माझा तो धंदा आहे.

वकील खोटे नसावेत. ते कसं चालतं ते पुढच्या वेळी लिहिते. तोवर कुठेही सही करू नका.

आणि एक, विषय सोडून. त्या भोपळ्याचं. जुन्या लाईनीवर तण मारायला आर्सेनिकची औषधं फवारायचे, आणि स्लीपर क्रिओसोट नावाच्या विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात. माती तपासून घेतल्याशिवाय तिथलं काही खाऊ नका.

---

खडीवाला · १७ मार्च २०२५

भोपळ्याचं आईला सांगितलं (सध्या ती पुण्यात आहे). "चार वर्षं खाल्ला, काय झालं?" म्हणून फोन ठेवला. ऑफिसात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून रेकॉर्डरच्या ऑफिसात गेलो. तुम्ही म्हणालात तसंच तळघर. बाईंनी हातमोजे वगैरे काही दिले नाहीत, नुसतं एक पोतंभर वजनाचं बाड टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, पानं तळव्यानं उलट, बोटानं नको. अडीच तास लागले. १८७२ चं खत आहे, आजोबांच्या पणजोबांचं. अक्षर सुंदर पण एस आणि एफ सारखेच दिसतात. मला लागलं ते असं: "एक डॉलर आणि रेल्वे बांधल्याने होणारे लाभ यांच्या बदल्यात सदर रेल रोड कंपनीस, सदर चौथाई सेक्शनमधून जाणाऱ्या तिच्या मार्गासाठी, सहा रॉड रुंदीचा जाण्याच्या वाटेचा हक्क सोडून देत आहे." खाली त्याची सही आणि बायकोची सही. बायकोच्या सहीच्या जागी फुली आहे.

पॉलिसीतही बघितलं. शेड्यूल बी, नऊ नंबरची ओळ. अगदी तुमच्या शब्दांत.

रॉड म्हणजे किती?

---

मोजणीदाराची लेक · १७ मार्च २०२५

फुली वाचून बरं वाटलं. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा हक्क असायचा, म्हणून तिचीही सही घ्यायचे.

रॉड म्हणजे साडेसोळा फूट. आमच्या वडिलांच्या शंकूसाखळीची अर्धी लांबी. आपली साखळी ३३ फुटी, आणि ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठे एक एकर. इंग्रजांनी मोजणी आणली ती तीच, अमेरिकेतली ६६ फुटांची आणि आपली त्याच्या निम्मी. पहिल्यांदा इथलं खत वाचलं तेव्हा मला त्यात सासवडच्या मोजणी ऑफिसचा वास आला होता. सहा रॉड म्हणजे ९९ फूट. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे साडेएकोणपन्नास. तुमचा प्लॉट लाईनीच्या बाजूनं किती लांब आहे?

खत चांगलं आहे. "वाटेचा हक्क सोडून देत आहे" म्हणजे वहिवाट, याबद्दल मला तरी फारशी शंका नाही. शेजारच्या आजोबांना हे खत न वाचता ठाऊक होतं. आणि वहिवाट संपली की साधारण नियम असा की लगतच्या मालकाला मधल्या रेषेपर्यंतची जमीन मोकळी मिळते, तुमच्या प्लॉटच्या नकाशात ती वेगळी काढून ठेवलेली नसेल तर.

मग शहर ट्रेल कसा करतंय? १९८३ साली काँग्रेसनं एक कायदा केला. १९१६ च्या सुमारास या देशात रेल्वेचे अडीच लाखांहून जास्त मैल होते, नंतर ट्रक आले, रस्ते आले, लाईनी भराभर बंद पडू लागल्या. एकदा मार्ग तुकड्यातुकड्यांनी शेतकऱ्यांकडे गेला की पुन्हा जोडणं अशक्य. म्हणून कायदा म्हणतो: शहर, कौंटी किंवा एखादी संस्था पुढे आली, तिनं देखभाल, कर आणि अपघाताची जबाबदारी उचलली, आणि उद्या रेल्वेला मार्ग परत हवा झाला तर देईन असं कबूल केलं, तर लाईन सोडून दिली असं धरायचंच नाही. थोडक्यात, रेल्वे मेलेली नाही, निजलेली आहे. तिच्या अंगावरून आपण सायकली चालवायच्या. याला रेलबँकिंग म्हणतात.

रेल्वेवर देखरेख करणारं वॉशिंग्टनचं सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड त्यासाठी एक कागद काढतं, नोटीस ऑफ इंटरिम ट्रेल यूज, आमच्यात "निटू" म्हणतात. निटू निघाला की राज्याच्या कायद्यानं जी जमीन मोकळी व्हायला हवी होती ती अडते. आणि तिथेच भरपाई येते. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनच्या प्रेसो कुटुंबाचा खटला आहे. १९९० साली सुप्रीम कोर्ट म्हणालं की कायदा घटनेत बसतो, पण ज्याची जमीन अडते त्यानं भरपाई मागावी. त्यांना ती मिळायला १९९६ मध्ये फेडरल सर्किट या केंद्राच्या अपील कोर्टात पुन्हा उभं राहावं लागलं. इंडियानापुरतं २०१२ साली हॉवर्ड खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टानं साफ सांगितलं: रेल्वेसाठी दिलेल्या वहिवाटीत चालायचा ट्रेल बसत नाही, आणि गाडी परत येईल म्हणून राखून ठेवणंही बसत नाही. शेतकऱ्यानं गाडीला वाट दिली होती, सायकलला नाही.

म्हणजे भांडण शहराशी नाहीच. दावा अमेरिका सरकारवर, कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये. जिंकलं तर वाजवी फी सरकार वेगळी देतं, म्हणून हे वकील देशभर लाईनी शोधत फिरतात. त्यांच्या करारात तरीही तुमच्या रकमेतून तिसरा हिस्सा असेल, तर ते आधी नीट विचारून घ्या.

जमीन मात्र परत मिळत नाही. पैसे मिळतात.

आता मला एकच तारीख हवी आहे. बोर्डाच्या साईटवर जा, लाईनीचा डॉकेट नंबर (प्रकरणाचा क्रमांक) शोधा (ए-बीनं सुरू होतो, उद्यान खात्याच्या पत्रात कुठेतरी बारीक अक्षरात असेल) आणि निटू कधी निघाला ते बघा. दिवस, महिना, साल.

---

बार्शीकर · १८ मार्च २०२५

विषय भारी चाललाय. आमच्याकडे बार्शी लाईट रेल्वेचा नॅरोगेज होता, लातूर-कुर्डुवाडीचं ब्रॉडगेज झालं तेव्हा काही मार्ग बदलला, गाडी उस्मानाबादेतून जाऊ लागली. जुन्या भरावाला लागून आमचं सहा एकर आहे. आजोबा म्हणायचे की गाडीला जमीन आम्ही दिली. मग आम्हाला हा वहिवाटीचा मुद्दा लागू होतो का?

---

काळा कोट सोलापूर · १८ मार्च २०२५

नाही. तिकडे दिली वाट, इकडे गेली जमीन. आपल्याकडे भूसंपादन झालं की मालकी पूर्ण सरकारकडे, सगळ्या भारांपासून मुक्त. १९९७ मध्ये केरळ सरकार विरुद्ध भास्करन पिल्लई या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की संपादन केलेली जमीन त्या कामाला लागली नाही तर दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरा, नाहीतर जाहीर लिलाव करा, पण जुन्या मालकाला परत देऊ नका. २०१३ च्या नव्या कायद्यात पाच वर्षं न वापरलेली जमीन परत देण्याचं कलम आहे, पण जिथं शंभर वर्षं गाडी धावली तिथं "वापरली नाही" कसं म्हणणार? जुने उतारे आणि फेरफार घेऊन या, बघू. चहा मी पाजतो.

---

खडीवाला · १९ मार्च २०२५

प्लॉट लाईनीच्या बाजूनं १२० फूट. म्हणजे साडेपाच गुंठे होतात, हिशेब केला. आईला सांगितलं तर म्हणाली, कोथरूडमध्ये साडेपाच गुंठे म्हणजे माणूस आमदार होतो.

तारीख: १५ ऑगस्ट २०१९. स्वातंत्र्यदिन. शुभशकुन समजू का?

---

मोजणीदाराची लेक · १९ मार्च २०२५

नाही हो. मला हीच भीती होती.

भरपाईचा हक्क निटू निघाला त्या दिवशी ज्याच्या नावावर जमीन होती त्याचा. ट्रेल कधी बांधला, रूळ कधी काढले, खुंट्या कधी ठोकल्या याला महत्त्व नाही. कॅल्डवेल खटल्यापासून, २००४ पासून, हे ठरलेलं आहे. तुम्ही घर घेतलं मे २०२१ मध्ये. तेव्हा जमीन आधीच अडलेली होती आणि तुम्ही ती अडलेलीच विकत घेतलीत. खरेदीखतात "सर्व हक्कांसह" लिहिलं असलं तरी केंद्र सरकारवरचा दावा असा खतातून सरकत नाही.

वकिलांनी पत्त्यांची यादी कौंटीच्या आजच्या नकाशावरून उचललेली दिसते. सहीचा करार भरून पाठवलात तर पहिल्या पंधरवड्यात त्यांनाही कळेल आणि ते तुम्हाला गाळतील.

शेजारच्या आजोबांना मिळेल. आणि तुम्हाला ज्यांनी घर विकलं त्यांना. पण मुदत सहा वर्षं. १५ ऑगस्ट २०२५. एक दिवस उशीर झाला तर कोर्ट ऐकून घेत नाही, आजारपण, माहीत नव्हतं, काही नाही.

तुम्हाला कोणी विकलं?

---

खडीवाला · १९ मार्च २०२५

एक आजी. नवरा गेल्यावर त्यांनी विकलं. सह्यांच्या वेळी एकदाच भेटलो, मला भट्टी कशी चालू करायची ते कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद अजून भट्टीवर चिकटवलेला आहे.

खरं सांगू, वाचून पहिल्यांदा चिडलो. शेड माझी जाणार, घरामागून माणसं माझ्या जाणार, आणि पैसे दुसऱ्याला. बायको म्हणाली, घर घेताना भाव का उतरला होता असं तुला वाटतं? यावर मला उत्तर सुचलं नाही.

---

पोपटपंची · २० मार्च २०२५

मी माझा सल्ला मागे घेतो. पण वेल छान होता.

---

खडीवाला · २६ जुलै २०२५

धागा वर काढतोय, कारण दोघातिघांनी खासगीत विचारलं.

आजींचा पत्ता शोधायला एप्रिल गेला. त्या दीड तासावरच्या एका वृद्धाश्रमात आहेत. फोन मुलाकडे लागला. मी म्हणालो, मी तुमच्या आईचं घर घेतलं, तुमच्या आईला सरकारकडून पैसे मिळू शकतात. आता हे वाक्य भारतीय उच्चारात अनोळखी नंबरवरून ऐकलं तर कोणीही जे करेल तेच त्यानं केलं. दोनदा. तिसऱ्या वेळी मी भट्टीच्या कागदाचा फोटो पाठवला, आईच्या अक्षरातला. पाच मिनिटांत त्याचाच फोन आला.

मे महिन्यात मी आणि आई (माझी) जाऊन आलो. १८७२ च्या खताची प्रत नेली होती, तीन पाकिटंही नेली. आजींना ऐकू कमी येतं, पण वाचतात व्यवस्थित. खत पूर्ण वाचलं, फुलीवर बोट ठेवलं आणि मुलाला म्हणाल्या की बाईला लिहिता येत नव्हतं तरी तिला विचारलं तर होतं. मग माझ्या आईनं डब्यातून नेलेल्या घाऱ्या खाल्ल्या. (बाजारातला भोपळा. मी शपथेवर सांगतो.)

मातीची तपासणी केली, आर्सेनिक मर्यादेच्या वर आलं. रिपोर्ट आईनं वाचला नाही, पण वेलाकडेही गेली नाही.

मुलानं तीन पाकिटांपैकी एकाला निवडलं. तिसऱ्या हिश्श्याचा मुद्दा त्यानं विचारला, वकिलानं बदलून दिला. शेजारचे आजोबा मार्चमध्येच त्याच वकिलाकडे गेले होते, मला बोलले नाहीत. दावा बुधवारी, २३ जुलैला दाखल झाला, तेवीस दिवस शिल्लक असताना. निकालाला काही वर्षं लागतील म्हणतात. आजी ८९ च्या आहेत.

शेड हलवली. चार मित्र, दोन पहारी आणि पाइपाचे लाटणे करून, कुंपणाच्या अलीकडे घेतली. उद्यान खात्याचा माणूस चांगला निघाला, मुदत महिनाभर वाढवून दिली. फाटक ठेवा म्हणाला, ट्रेलवर यायला उपयोगी पडेल.

मोजणीदाराची लेक, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

---

मोजणीदाराची लेक · २६ जुलै २०२५

आभार राहू द्या. शेड ओढताना मागच्या कोपऱ्यातली सर्व्हेची लोखंडी पिन उपटली नाहीत ना? प्लॉटची हद्द तिच्यावर आहे. अर्ध्या इंचाची सळई असते, वर प्लॅस्टिकची टोपी.

---

खडीवाला · २७ जुलै २०२५

सकाळी टॉर्च घेऊन शोधली. आहे, जागेवर आहे. आईनं तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती.